दूध न पचणाऱ्यांचे बहुमत

१९६५ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, पेद्रो क्वात्रेकासास, डीन लॉकवुड आणि जॅक्स कॉल्डवेल या तीन तरुण डॉक्टरांनी दुधाच्या पचनाबद्दलचा एक छोटा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापला. दूध पचवणारे लॅक्टेज हे एंझाइम प्रौढ माणसांच्या आतड्यात नसणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे, असे त्यांनी शीर्षकातच म्हटले होते. पुढच्याच वर्षी त्याच संस्थेतल्या थिओडोर बेलेस आणि नॉर्टन रोझेन्सवाइग यांनी ठणठणीत पुरुषांची तपासणी केली. कृष्णवर्णीयांपैकी दहातल्या सुमारे सात जणांमध्ये हे एंझाइम नावापुरतेच होते; गोऱ्यांमध्ये असे लोक अगदी मोजके निघाले. तोवर पाठ्यपुस्तकांत ही स्थिती दुर्मीळ विकार म्हणून नोंदलेली होती. आज आपल्याला माहीत आहे की जगातल्या सुमारे दोनतृतीयांश प्रौढांची हीच स्थिती आहे. इतक्या लोकांच्या पोटातली इतकी ढळढळीत गोष्ट विसाव्या शतकाची पासष्ट वर्षे उलटेपर्यंत वैद्यकाच्या नजरेला का पडली नाही? माझे म्हणणे असे की पुराव्याची उणीव कधीच नव्हती. संशोधन करणारे ज्या समाजातून आले होते, त्या समाजात मोठेपणीही दूध सहज पचत होते, आणि तेच शरीर त्यांनी मनुष्यमात्राचे प्रमाण मानले. पुढे आलेला प्रत्येक पुरावा त्या मापाने मोजला गेला.

आधी पोटात काय घडते ते पाहू. दुधात जी साखर असते ती लॅक्टोज, म्हणजे दुग्धशर्करा. गाईच्या दुधात ती पाच टक्क्यांच्या आसपास, आईच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या साखरा जोडून ती बनते, आणि आतड्याची भिंत फक्त सुट्या साखरा आत घेते. तेव्हा ही जोडी आधी तुटली पाहिजे. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये एंझाइमच्या कामाला कुलूप-किल्लीची उपमा दिली, ती इथे चपखल बसते: स्टार्च तोडणारे एंझाइम दुग्धशर्करेला हात लावत नाही, उसाची साखर तोडणारेही नाही, त्या जोडावर बसते ते लॅक्टेजच. हे एंझाइम पाचकरसात मिसळून वाहत नाही. लहान आतड्याच्या आतल्या अंगाला जे मखमलीसारखे रसांकुर असतात, त्यांच्या पेशींच्या अगदी बाहेरच्या कडेला ते रोवलेले असते. त्या पेशी दर तीन-चार दिवसांनी गळून नव्या येतात, म्हणून एंझाइमही सतत नव्याने घडवावे लागते. बहुतेक सस्तन प्राण्यांत पिल्लाचे अंगावरचे दूध सुटले की ही घडण मंदावते आणि उरते ते पूर्वीच्या तुलनेत फार थोडे. मग न तुटलेली साखर पाणी ओढत मोठ्या आतड्यापर्यंत जाते; तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, हायड्रोजन आणि इतर वायू तयार होतात, पोटात गुबारा धरतो, कळा येतात, जुलाब होतात. मोठ्या जुलाबाच्या आजारात हीच कड खरवडली जाते आणि काही दिवस निरोगी मुलालाही दूध पचत नाही. लॅक्टेज नसणे म्हणजे आतड्याला काहीतरी इजा झालेली असणे, ही डॉक्टरांची समजूत अशा रोग्यांवरून घट्ट झाली, आणि त्या रोग्यांपुरती ती खरीही होती.

प्राण्यांच्या बाबतीतला पुरावा फार जुना आहे. जर्मनीत र्‍योमान आणि लाप्पे यांनी १८९५ मध्ये लहान आतड्यातल्या लॅक्टेजचे वर्णन केले. त्यानंतर दहा-बारा वर्षांत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्लिमर यांनी निरनिराळ्या प्राण्यांची आतडी तपासली. पिल्लांमध्ये हे एंझाइम भरपूर आणि वयात आलेल्या अनेक जातींत ते ओसरलेले, असे चित्र त्यातून दिसत होते. प्लिमर यांनी आणखी एक मोलाची गोष्ट केली. वाढलेल्या प्राण्यांना दुग्धशर्करा चारत राहिले तर एंझाइम परत येते का, हे त्यांनी पाहिले. ते येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे १९०७च्या आत विज्ञानाच्या हाती दोन गोष्टी होत्या: लॅक्टेज हे मुख्यतः बाल्यावस्थेचे एंझाइम आहे, आणि सवयीने ते टिकत नाही. माणूस सस्तन प्राणी आहे हे तर डार्विननंतर कोणाला नव्याने सांगण्याची गरज नव्हती. तरीही माणसाबद्दल हा प्रश्न पुढची पन्नास वर्षे नीट विचारलाच गेला नाही. इंग्लंड, जर्मनी, उत्तर अमेरिका इथल्या प्रयोगशाळांत काम करणारी माणसे रोज दूध पीत होती आणि त्यांना काही होत नव्हते. माणूस या नियमाला अपवाद आहे, हे कोणी सिद्ध केले नव्हते. ते गृहीत धरले गेले.

यावर एक सरळ आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. जिवंत माणसाच्या लहान आतड्यातला तुकडा काढण्याची सोयच नव्हती, मग मोजणार काय? हे खरे आहे. ती सोय १९५७ मध्ये झाली, क्रॉस्बी आणि कुगलर यांनी बनवलेल्या कुपीमुळे. बारीक नळीच्या टोकाला बसवलेली धातूची छोटी कुपी रोग्याने गिळायची. ती जठर ओलांडून लहान आतड्यात पोचली की नाही हे क्ष-किरणांत बघायचे. मग नळीतून हवा खेचली की कुपीच्या भोकातून आतड्याच्या अस्तराचा कण आत ओढला जातो आणि त्याच खेचण्याने आतले स्प्रिंगवरचे पाते फिरून तो कापला जातो. नळी बाहेर ओढली की काही मिलिग्रॅमचा तुकडा हाती येई, आणि स्वीडनच्या आर्ने डालक्विस्ट यांनी बसवलेल्या पद्धतीने त्यातले लॅक्टेज मोजता येई. तेव्हा साधनाचा वाटा मोठा आहे. पण साधन आल्यावर काय झाले, तेही पाहिले पाहिजे. १९५९ मध्ये मँचेस्टरच्या होल्झेल आणि सहकाऱ्यांनी दुग्धशर्करा न पचून खंगलेल्या तान्ह्या भावंडांची हकीकत लिहिली. जन्मतःच लॅक्टेज नसणे हा खरोखरच अतिदुर्मीळ रोग आहे. १९६३ मध्ये ऑरिक्किओ आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी, आणि त्याच वर्षी डालक्विस्ट व त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी, प्रौढांमध्येही फक्त हेच एक एंझाइम नसलेली माणसे सापडल्याचे जाहीर केले. कुपी होती, मोजमाप होते, तरी वाचणाऱ्यांना दिसला तो एक नवा, विरळा आजार. कारण तुकडा घेतला जात होता तो पोटाची तक्रार घेऊन आलेल्या मोजक्या रोग्यांचा. बाल्टिमोरच्या डॉक्टरांकडे याहून चांगले यंत्र नव्हते. ज्यांची काही तक्रार नाही त्यांनाही त्यांनी तपासले, आणि ज्या शहरात ते काम करत होते तिथे युरोपीय आणि आफ्रिकी असे दोन्ही वंशपरंपरांचे लोक होते. निरोगी माणसांतच बहुतेकांना हे एंझाइम नाही म्हटल्यावर त्याला आजार कसे म्हणायचे, हा प्रश्न टाळता येईना.

बेलेस आणि रोझेन्सवाइग यांनी मात्र आपल्या शोधाला ‘वांशिक फरक’ म्हटले. एक चूक दुरुस्त होत असतानाच दुसरी शिरत होती. १९६० च्या दशकातल्या अमेरिकेत काळा आणि गोरा हीच विभागणी डोळ्यांसमोर असायची. त्यामुळे आकडेही तिच्यात बसवले गेले. पण त्याच १९६६ साली युगांडातून कुक आणि काजुबी यांचा शोधनिबंध आला. कंपालाभोवतीचे शेती करणारे गांडा लोक आणि गुरे राखणारे हिमा व तुत्सी, सगळेच कृष्णवर्णीय. गांडांमध्ये लॅक्टेज जवळजवळ नव्हते, गुराख्यांमध्ये बहुतेकांना होते. १९७१ मध्ये स्टॅनफर्डचे नॉर्मन क्रेचमर आणि नायजेरियाचे ओलिकोये रान्सम-कुटी (हे पुढे त्या देशाचे आरोग्यमंत्री झाले) यांनी हेच अधिक ठसठशीतपणे दाखवले: योरुबा शेतकऱ्यांमध्ये दुग्धशर्करा पचवणारा प्रौढ शोधून सापडेना, आणि त्याच देशात गुरांच्या मागे भटकणाऱ्या फुलानींपैकी बहुतेकांना ती पचत होती. कातडीच्या रंगाचा इथे काही संबंध उरला नाही. संबंध होता तो पिढ्यान्‌पिढ्या कोणी काय राखले आणि काय प्याले याच्याशी. कॅलिफोर्नियातल्या फ्रेडरिक सिमून्स या भूगोलाच्या प्राध्यापकाने याच सुमारास जगभरचे आकडे नकाशावर मांडून हे सूत्र सांगितले: जिथे फार पूर्वीपासून जनावरांचे दूध काढतात तिथे प्रौढांना दूध पचते. पचनाच्या शास्त्रातला हा दुवा एका भूगोलतज्ज्ञाने जोडावा, यात मला नवल वाटत नाही. प्रश्न एकेका रोग्याचा नव्हताच.

मग दुसरा आक्षेप पुढे आला: हे आनुवंशिक कशावरून? फुलानी रोज दूध पितात म्हणून त्यांचे एंझाइम टिकते, योरुबा पीत नाहीत म्हणून आटते, एवढेच असेल. ऑस्ट्रेलियात आशियाई विद्यार्थ्यांचा अभ्यास करणारे बोलिन आणि डेव्हिस याच बाजूचे होते, आणि हा विचार उथळ नव्हता. शरीरातली काही एंझाइमे खरोखरच खाण्याप्रमाणे कमीजास्त होतात. याचा निकाल लावणारा सुंदर पुरावा एका वेगळ्याच आजाराने दिला. गॅलॅक्टोसेमिया नावाच्या जन्मजात विकारात गॅलॅक्टोज विषासारखे बाधते, त्यामुळे या मुलांना दुधाचा थेंबही देत नाहीत. लॉस एंजेलिसमध्ये १९६७ साली अशा रोग्यांना तपासले तेव्हा वर्षानुवर्षे दूध बंद असूनही त्यांच्यातल्या कित्येकांचे लॅक्टेज शाबूत निघाले. उलट बाजूने, १९७२ मध्ये इस्रायलच्या गिलात आणि सहकाऱ्यांनी लॅक्टेज कमी असलेल्यांना महिनेच्या महिने दूध पाजले आणि एंझाइम तसूभरही वाढले नाही. प्लिमर यांनी साठेक वर्षांपूर्वी जे सांगितले होते तेच माणसांत पुन्हा सिद्ध झाले. १९७३ मध्ये फिनलंडच्या टिमो साही यांनी कुटुंबेच्या कुटुंबे तपासून ही गोष्ट साध्या मेंडेलीय नियमाने वारशात येते हे दाखवले. तरीही दूध सावकाश वाढवत नेले की अनेकांना ते सोसू लागते, हा लोकांचा अनुभव खोटा नाही. बदलतात ते मोठ्या आतड्यातले जिवाणू; एंझाइम नव्हे.

या सगळ्याचे पडसाद प्रयोगशाळेबाहेर उमटणारच होते. महायुद्धानंतर अमेरिकेतल्या जादा दुधाची पावडर मदत म्हणून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या मुलांकडे जात होती, आणि दूध हे सर्वांसाठी पूर्णान्न आहे ही त्यामागची धारणा होती. कॅलिफोर्नियातल्या दूध उत्पादकांच्या मंडळाची जाहिरात सांगत होती की दुधाची गरज प्रत्येकालाच आहे. १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या दाव्याला हरकत घेतली. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या प्रथिनविषयक सल्लागार गटाने १९७२ मध्येच बजावले होते की लॅक्टेज कमी आहे एवढ्यावरून कुपोषित मुलांचे दूध तोडू नये. मला हा सल्ला त्या काळातला सर्वांत शहाणा सल्ला वाटतो, कारण त्यात न पचणे आणि न सोसणे यांतला फरक ओळखला होता. प्रयोगशाळेतली चाचणी अशी असे: पन्नास ग्रॅम दुग्धशर्करा पाण्यात घालून एकदम प्यायची आणि पुढचे दोन तास रक्तातले ग्लुकोज किती चढते ते मोजायचे. पन्नास ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक लिटर दुधातली साखर, तीही उपाशीपोटी. रोजच्या जगण्यात असे कोण पितो? १९९५ मध्ये सुआरेझ, साव्हाइआनो आणि लेव्हिट यांनी, आपल्याला दूध अजिबात सोसत नाही असे ठामपणे सांगणाऱ्या लोकांना काही दिवस साधे आणि काही दिवस लॅक्टेज घालून साखर तोडलेले दूध दिले. रोज एक पेला, आणि कोणते कोणते हे त्यांना कळू दिले नाही. त्रासात फरक दिसला नाही. ज्यांना तो होतो त्यांचा त्रास खोटा ठरवण्यासाठी हे मी सांगत नाही. एकेकाळी दुधाचा गौरव जितका सरसकट झाला, तितकीच सरसकट आज त्याची भीती घातली जाते, आणि दोन्हींच्या मुळाशी प्रमाणाचा विसर आहे.

जनुकाचा पत्ता लागायला २००२ साल उजाडले. हेलसिंकीत एनाटा, यार्व्हेला, लेना पेल्टोनेन आणि सहकाऱ्यांनी फिनिश कुटुंबांच्या डीएनएमध्ये तो बदल शोधला. लॅक्टेजच्या जनुकात काहीच बिघडलेले नव्हते. त्याच्या अलीकडे तब्बल १३,९१० अक्षरांवर, शेजारच्याच दुसऱ्या जनुकाच्या पोटात, एक सी जाऊन टी आला होता, आणि त्या एका अक्षरामुळे मोठेपणी लॅक्टेज बनवणे थांबवणारा आदेश अमलात येत नव्हता. म्हणजे बदल झाला होता तो दूध पचवणाऱ्यांमध्ये. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्याकडे माणसाचा मूळचा पाठ होता. २००७ मध्ये सारा टिश्कॉफ यांच्या गटाने टांझानिया, केनिया आणि सुदानमधल्या गुराखी समाजांत याच भागातले पण निराळे बदल दाखवले. आफ्रिकेत आणि युरोपात हे स्वतंत्रपणे घडले होते, आणि ‘वांशिक फरका’ला उरलासुरला आधारही गेला.

इथवर आल्यावर एक गोष्ट फार सोपी वाटू लागते: माणसाने गाई पाळल्या, दूध पिऊ लागला, ज्याला पचले तो तरला, बदल पसरला. हे सूत्र मलाही पटत आले होते, पण पुरावा ते जसेच्या तसे मान्य करत नाही. २००७ मध्येच योआखिम बुर्गर यांनी मध्य आणि पूर्व युरोपातल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या हाडांतला डीएनए वाचला, आणि त्यात तो बदल नव्हता. दूध मात्र होते. २०२२ मध्ये रिचर्ड एव्हरशेड, मार्क थॉमस आणि मोठ्या गटाने साडेपाचशेहून अधिक स्थळांवरच्या तेरा हजारांहून जास्त खापरांत मुरलेल्या चरबीचा ताळा प्राचीन डीएनएशी घातला. युरोपात दुधाचा वापर नवाश्मयुगापासून सर्वत्र होता. दूध पचवणारा बदल सर्रास झाला तो इ.स.पू. १०००च्या आसपास. मधली हजारो वर्षे लोक ते न पचवताच वापरत होते, आणि दुधाचा वापर जिथे जास्त तिथे बदल जास्त वेगाने पसरला, असेही दिसेना. शिवाय ब्रिटनच्या आजच्या नोंदींत ज्यांच्याकडे हा बदल नाही तेही जवळपास इतरांइतकेच दूध पिताना आढळले. मग निवड कशाने झाली? या संशोधकांचा तर्क असा की चांगल्या दिवसांत न पचलेले दूध पोटात थोडी गडबड करून जाते, पण दुष्काळात किंवा साथीत, आधीच क्षीण झालेल्या शरीरात, तेच जुलाब जीव घेतात. बदल टिकला तो अशा वाईट वर्षांत. तर्क अजून वादात आहे, पण मला तो बळकट वाटतो, कारण आजची निरोगी माणसे आणि कालचे उपाशी मूल यांना एकाच मापाने मोजायचे तो नाकारतो.

दूध न पचताही दुधावर जगता येते, याचे उदाहरण मंगोलियापेक्षा ठळक नाही. तिथे उन्हाळ्याचे निम्मे खाणे दुधाचे, आणि प्रौढांत लॅक्टेज असलेले लोक मोजके. ते घोडीचे दूध आंबवतात, विरजतात, सुकवतात. आंबवताना जिवाणू साखरेचा काही भाग आधीच फस्त करतात, आणि १९८४ मध्ये कोलार्स व सहकाऱ्यांनी दाखवले की दह्यातल्या जिवाणूंचे स्वतःचे एंझाइम आपल्या आतड्यात पोचूनही उरलेली साखर तोडत राहते. तुपात तर ती जवळजवळ उरतच नाही. मराठी स्वयंपाकघराला हे परके नाही. दूध विरजून दही, दही घुसळून लोणी आणि ताक, लोणी कढवून तूप, या क्रमात प्रत्येक पायरीला न पचणाऱ्याचा वाटा सुरक्षित होत जातो. ग्रहणीच्या विकारात चरकसंहितेने ताकाची थोरवी सांगितली ती लॅक्टेज ठाऊक असल्यामुळे नव्हे, निरीक्षणामुळे. आणि ते निरीक्षण करणाऱ्यांसमोर दूध पचणारे आणि न पचणारे असे दोन्ही लोक शेजारी शेजारी होते.

कारण भारतात दोन्ही आहेत. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर. के. टंडन आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत दिल्लीतल्या सुमारे २७ टक्के लोकांना दुग्धशर्करा सोसली नाही. त्रिवेंद्रम आणि पाँडिचेरी इथे हेच प्रमाण दोनतृतीयांशांच्या घरात होते. २०१२ मध्ये आयरीन गॅलेगो रोमेरो आणि सहकाऱ्यांनी देशभरच्या दोन हजारांहून अधिक लोकांचा डीएनए तपासला. युरोपात सापडलेला तोच बदल, त्याच मूळ पूर्वजाकडून आलेला, वायव्येकडे जास्त आणि आग्नेयेकडे विरळ होत गेलेला दिसला. एवढ्यावरून उत्तरेचे आणि दक्षिणेचे पोट अशी नवी विभागणी करण्याचा मोह होतो. बाल्टिमोरमध्ये काळ्या-गोऱ्यांची केली तशीच. पण त्याच अभ्यासात पशुपालक समाजांचे आकडे शेजाऱ्यांपेक्षा वर निघाले, आणि त्यांत दक्षिण टोकाकडच्या निलगिरीतले, पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखणारे तोडाही होते.